स्पेक्ट्रोफोटोमीटरला सँपल लावायच्या आधी काय काय बघायचं

रीडिंग विचित्र आलं की सगळे आधी मशीनलाच धरतात, लॅम्प गेला का बघ, कॅलिब्रेशन कधी झालंय बघ, पण बऱ्याचदा गडबड सँपल क्युव्हेटमधे (मशीनमधे ठेवायच्या छोट्या पारदर्शक चौकोनी नळीत) ओतायच्या आधीच झालेली असते. मशीनला एवढंच कळतं की किती लाईट आत गेला आणि किती पलीकडे पोचला, मधे रंग होता, गाळ होता की बुडबुडा, ते आपणच बघायचं.

सँपल फ्रिजमधलं असेल तर आधी रूम टेंपरेचरला येऊ द्या, घाई करू नका. माझं एकदा रीडिंग सारखं हलत होतं, अर्धा तास ब्लँक (मशीन शून्यावर आणायला लावतात ते, मोजायचा पदार्थ नसलेलं लिक्विड) बदलत बसलो आणि शेवटी क्युव्हेट बाहेर काढून उजेडात धरला तर काचेवर बाहेरून धुकं धरलेलं. फ्रीझरमधलं सँपल असेल तर पूर्ण वितळू द्या आणि मग बाटली सावकाश आठ-दहा वेळा उलटीसुलटी करा, कारण वितळताना वर पातळ आणि खाली दाट असे थर होतात. जोरात हलवू नका, फेस होतो.

सँपल गढूळ असेल तर बारीक कण लाईट इकडेतिकडे फेकतात आणि रीडिंग उगाच जास्त येतं. ०.४५ मायक्रॉनचा सिरिंज फिल्टर लावा, सुरुवातीचा एखादा मिली फेकून द्या, आणि ब्लँकपण त्याच फिल्टरमधून काढा. पण आधी हे ठरवा की तुम्हाला विरघळलेलंच मोजायचंय ना, कारण जे हवंय ते कणांना चिकटलेलं असेल तर फिल्टर तेच काढून टाकेल.

आता डायल्युशन, म्हणजे सँपल पातळ करणं, इथे सगळ्यात जास्त चुका होतात. ॲबसॉर्बन्स (सँपलने किती लाईट अडवला त्याचा आकडा, मशीनचं रीडिंग म्हणजे हाच) १ म्हणजे फक्त १० टक्के लाईट पोचतोय, २ म्हणजे १ टक्का, ३ म्हणजे ०.१ टक्का, एवढ्या कमी लाईटवर विश्वास कसा ठेवायचा! मी ०.२ ते ०.८ मधे आणायचा प्रयत्न करतो. समजा रीडिंग २.५ आलं, दहापट पातळ केलं की ०.२५ यायला हवं, आणि ०.३१ आलं तर पातळ केलेलंच खरं धरा (अर्थात पिपेटिंग, म्हणजे पिपेटने लिक्विड मोजून घेणं, नीट झालं असेल तर), पहिल्या वेळी मशीनमधल्या भटक्या लाईटमुळे आकडा दबलेला असतो. पातळ करताना साधं पाणी नको, सँपल ज्या सॉल्व्हंट किंवा बफरमधे (पीएच टिकवून धरणाऱ्या सोल्युशनमधे) आहे तेच घ्या, डायक्रोमेटचंच बघा ना, पीएच वाढला की नारिंगीचा पिवळा होतो, मग मोजताय काय?

मायक्रोपिपेटची टिप त्याच लिक्विडने दोन-तीनदा भरून रिकामी करा, पिपेट सरळ उभा धरा, टिप दोन-तीन मिलिमीटरच बुडवा. काचेचा पिपेट असेल तर शेवटचा थेंब फुंकून काढायचा नाही (फुंकायचा म्हणून मार्क केलेला असेल तरच), टोक नुसतं भिंतीला टेकवा. व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क दोन तृतीयांश भरून एकदा फिरवून घ्या, मग मार्कपर्यंत, डोळा मार्कच्या लेव्हलला आणि लिक्विडच्या वरच्या वक्राचा खालचा भाग रेषेवर. गरम सोल्युशनचं व्हॉल्युम कधीच मार्कला आणू नका, थंड झालं की खाली जातं.

क्युव्हेटचं थोडक्यात, २६० किंवा २८० नॅनोमीटरला (अल्ट्राव्हायोलेट लाईटला) क्वार्ट्झ किंवा यूव्हीसाठीच्या खास प्लास्टिकचा लागतो, साधी काच तिथला लाईट खाऊन टाकते. पॉलिस्टायरीनच्या क्युव्हेटमधे ॲसिटोन घालू नका, विरघळेल. सँपलनेच दोनदा धुवा, खरखरीत बाजूने धरा, टिश्यूने पुसा, दरवेळी त्याच दिशेने बसवा. आणि बसवायच्या आधी आत वाकून बघाच, बारीक बुडबुडा भिंतीला चिकटून असतो, बोटाने हळूच टिचकी मारली की वर येतो.

आणि एकच क्युव्हेट ठेवून तीनदा बटण दाबलं तर ती तीन रीडिंग नाहीत, त्याने फक्त मशीन स्थिर आहे एवढंच कळतं. डायल्युशन तीन वेगवेगळी करा आणि प्रत्येक ट्यूबवर किती पट केलंय ते लगेच लिहून ठेवा.