हरळीच्या विटांचं घर आणि कुलूप लावलेलं कोठार

नातीला शाळेच्या प्रदर्शनासाठी अमेरिकेतल्या मिनेसोटाचं १८६२ सालचं, डकोटा लढाईच्या वेळचं माळरान करायचं होतं. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी गणपतीचा देखावा दरवर्षी मीच करते, म्हणून काम माझ्याकडे आलं. पहिलं घर नुसत्या काळ्या मातीचं थापलं. दुसऱ्या दिवशी भिंतीत बोट जाईल एवढी भेग! माळव्याची माती वाळली की आकसते. तिला मुळांनीच धरून ठेवावं लागतं.

तिकडे नदीकाठी ओंडक्यांची घरं होती, पण उघड्या माळावर लाकूड कुठलं? मग नांगराने गवतासकट जमिनीचे पट्टे काढायचे आणि साधारण दोन फूट लांब, एक फूट रुंद, चार इंच जाड असे तुकडे रचायचे.

तुम्ही हरळी घ्या. पावसाच्या दुसऱ्या दिवशी, माती ओली असते पण चिखल नसतो, तेव्हा चार इंच बाय दोन इंच, पाऊण इंच जाड अशा विटा कापा. सुरी मुळांवरून करकरत गेली पाहिजे; सरळ सरकली तर ती वीट सुटणार, बाजूला ठेवा. रचताना गवत खाली, मुळं वर. भिंत दोन विटांची, आणि वरच्या थराचा सांधा खालच्या विटेच्या मध्यावर. खिडकीच्या चौकटीवर बोटभर फट ठेवून चिंध्या कोंबा, कारण भिंत दबते. तिकडे वसाहत करायला आलेले लोकही हेच करत. छपराला तुराट्या, त्यावर गवत, वर पुन्हा विटा. आतून मलमल ताणा, गळणारी माती झेलायला.

आता लढाई. घराभोवती नुसते हल्लेखोर उभे करू नका, माझी कळकळीची विनंती आहे. डकोटा हे तिथले मूळ रहिवासी. त्यांनी १८५१ च्या करारांत जमीन सोडली, बदल्यात अमेरिकन सरकारकडून दरवर्षी पैसे मिळायचे होते. १८६२ ला ते लांबले. लोक उपाशी, आणि कोठारात धान्य असून उधार मिळेना. १८ ऑगस्टला लढाई पेटली. पैसे फोर्ट रिजली या किल्ल्यात पोचले तेही त्याच दिवशी.

म्हणून घरापासून हातभर अंतरावर कोठार करा. दाराला खरं छोटं कुलूप, फटीतून मक्याचे दाणे दिसू देत. घराचं दार मात्र सताड उघडं, उंबऱ्यात अर्धवट बांधलेलं गाठोडं. वसाहतीतली कुटुंबं त्या किल्ल्याकडे, न्यू उल्म गावाकडे पळाली होती. नातीने कोठारामागे ३८ काड्या रोवल्या: २६ डिसेंबरला मॅनकाटोत फाशी दिलेल्या डकोटा पुरुषांच्या.

रोज सकाळी भिंतींवर पाणी शिंपडा. आमच्या घराला चौथ्या दिवशी सांध्यांतून कोंब फुटले. ते कापू नका.