खाऱ्या वाऱ्यातली आरएक्स १००: जुनी घेताना आणि सांभाळताना

हर्णै बंदरात मी होड्यांची आउटबोर्ड इंजिनं दुरुस्त करतो. टू-स्ट्रोक (पेट्रोलबरोबर तेलही जाळणारं इंजिन) आणि मीठ, दोन्ही माझ्या रोजच्या ओळखीचे. माझी स्वतःची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल आहे १९९२ ची; २०११ साली घेतली, अजून रोज चालवतो. मे महिन्यात चाकरमानी गावी आले की एखादा पोरगा कुणाच्या तरी पडवीतली गाडी बघून येतो आणि विचारतो, "दादा, घेऊ काय?" त्याला जे सांगतो तेच इथे लिहितोय.

ही गाडी १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं निघाली. म्हणजे सगळ्यात नवी म्हटली तरी तीसेक पावसाळे तिने काढलेले असणार. आपल्याकडे इंजिनाला घाबरू नका, गंजाला घाबरा. बोअर-पिस्टन नवं होतं, क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) नवा बसतो. चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, कुजली की गाडी संपली. आणि चासीवरचा नंबर गंजाने खाल्ला तर ती कागदावरसुद्धा संपली.

म्हणून किक मारायच्या आधी हँडलच्या मानेवरचा नंबर बघा. वायर ब्रश अजिबात लावू नका, उरलेले अंकही जातील. डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा, वर कागद धरून पेन्सिल घासा आणि उठलेला ठसा आरसी बुकाशी एकेक अंक लावून बघा. इंजिन नंबरचंही तसंच. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग लागतं, वर पर्यावरण कर. ते थकलेलं असेल तर खर्च किमतीतून वजा करूनच बोला. एरवी नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० पुरतात. पण कोकणातली पडवीतली गाडी बहुतेक वेळा वारलेल्या वडिलांच्या किंवा काकांच्या नावावर असते. तिथे आधी फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या नावावर होऊ द्या, बाकीच्या भावंडांची संमती लेखी घ्या, मगच पैसे द्या. घर-जमिनीचे वाद गाडीपर्यंत आलेले मी दोनदा पाहिलेत.

आता लोखंड. सीट काढा, बॅटरीच्या ट्रेखाली स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. मधल्या स्टँडचा जोड आणि मागच्या मडगार्डची आतली बाजूही अशीच तपासा. टोक आत घुसलं तर परत फिरा. रंग कितीही नवा असो, मला तर नवा रंग दिसला की जास्त संशय येतो. टाकीतलं थोडं पेट्रोल पांढऱ्या बाटलीत काढून उन्हात धरा. तळाला तांबूस गाळ बसला तर टाकी आतून गंजलीय.

इंजिन बघायची माझी एकच आवडती रीत. सिलिंडरकडचे नट सोडून सायलेन्सर उतरवा, आणि एक्झॉस्टच्या तोंडातून बॅटरी मारून बघत किक हाताने हळूहळू खाली दाबा. पिस्टन समोरून वर-खाली जाताना दिसतो. त्याची बाजू गुळगुळीत राखाडी असेल तर चांगलं. उभे चरे असतील तर इंजिन आधी कधीतरी धरलेलं, म्हणजे जाम झालेलं आहे. मूळ पिस्टन ५० मिलिमीटरचा. सिलिंडर घासून मोठा केला (बोअर) की दरवेळी तो पाव मिलिमीटर वाढतो, १ मिलिमीटरपर्यंत, आणि तो आकडा पिस्टनच्या माथ्यावर कोरलेला असतो. हेड उघडल्यावर १००, म्हणजे पूर्ण १ मिलिमीटर वाढ, दिसला तर पुढच्या वेळी बोअरला जागा नाही, सिलिंडरच बघावा लागेल. मग मॅग्नेटचं (क्रँकच्या टोकावरचं वीज करणारं चाक) कव्हर काढून मॅग्नेट वर-खाली हलवा; जरा जरी खेळला तरी क्रँकचे बेअरिंग गेलेत. थंड असताना निळसर धूर येणारच, तेल जाळूनच ती चालते. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल आणि गिअर ऑइल कमी होत असेल, तर क्लचकडचा क्रँक सील गेलाय.

वेगळ्या टाकीतलं तेल इंजिनाला पोचवणाऱ्या ऑइल पंपाबद्दल मात्र नीट ऐका. मी गाडी घेतली तेव्हा ऑइलची टाकी काठोकाठ भरलेली होती. ती बघून मी साधं पेट्रोल भरलं. पंप आधीच्या मालकाने कधीच बंद करून टाकला होता, तेल पेट्रोलमध्येच मिसळत असे, आणि विकताना ते सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी आसूदच्या चढावर आवाज बारीक झाला, ओढ गेली आणि मागचं चाक धरलं. बोटं क्लचवर होती म्हणून पडलो नाही. तेव्हापासून सांगतो: पंपातून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या बारीक नळीत तेल आहे का बघा, ऑइलच्या टाकीवर पेन्सिलने रेघ मारा आणि शंभरेक किलोमीटर फिरवल्यावर पातळी उतरली का बघा. तोवर पेट्रोलमध्ये लिटरला ३० मिली टूटी ऑइल (टू-स्ट्रोकचं तेल) टाकूनच चालवा. पंप चालू असला तर धूर थोडा जास्त होईल, नुकसान काही नाही.

सांभाळायचं म्हणजे मुख्य काम गोड्या पाण्याचं. पुळणीवरून किंवा दाभोळच्या फेरीबोटीतून आलात की त्याच दिवशी धुवा, पण इंजिन निवल्यावर. मग पाच मिनिटं चालू ठेवून सुकवा आणि चेनला तेल द्या. वायरच्या जोडांना व्हॅसलीन लावा. जांभ्याची लाल धूळ एअर फिल्टर लवकर भरते, महिन्याला धुऊन तेलात भिजवून पिळून बसवा.

पावसात गाडी उभीच राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करा. आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलला आपली दमट हवा लगेच बाधते, पाणी धरून वाटीत हिरवट चिकटा बसतो. प्लग काढून दोन चमचे टूटी ऑइल सोडा, किक हळू दोन-चारदा फिरवा आणि पिस्टन वर आणून ठेवा, म्हणजे पोर्ट (सिलिंडरची भोकं) झाकलेले राहतात. सायलेन्सरच्या तोंडात तेलकट फडकं कोंबा, नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचं घर करते. प्लास्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो. जुनी चादर टाका, खालून वारा खेळू द्या.

गणपतीत काढाल तेव्हा आधी ते फडकं काढा. मग नवा प्लग, ताजं पेट्रोल. पहिली पाच मिनिटं धुराने पडवी भरेल. ते आपणच घातलेलं तेल आहे, जळू द्या.