बाळाची लांबी मोजताना चूक कुठे होते

वजन घेण्यात अवघड काही नाही: काटा शून्यावर आणावा, कपडे आणि चांदीचे वाळे उतरवावेत (करदोट्यावरून आजीशी वाद घालू नये, त्याचे वजन नगण्य असते) आणि आकडा स्थिरावताच लिहून घ्यावा.

लांबीचे तसे नाही. 2 वर्षांखालील बाळाला झोपवूनच मोजावे लागते, आणि शिंप्याची टेप अंगावरून फिरवून काम भागते असे कोणी सांगितले तर ते ऐकू नये, कारण टेप पोटाच्या फुगवट्यावरून वळत जाते. अंगणवाडीत इन्फँटोमीटर, म्हणजे बाळाला झोपवून लांबी मोजण्याची फळी असते. तीच वापरावी, आणि माणसे दोन असावीत. एकटीने मोजण्याचा हट्ट मी बरेच दिवस केला, तेव्हा माझ्याच नोंदवहीत एक मुलगी 8 व्या महिन्यात 67.2 आणि 9 व्या महिन्यात 66.1 सेंटिमीटर भरली. मूल काही आखूड होत नाही. तिचा गुडघा वर राहिला होता आणि माझे लक्ष आकड्यावर होते.

मदतनिसाने किंवा आईने बाळाच्या डोक्यामागे बसून दोन्ही तळहात कानांवर ठेवावेत आणि माथा स्थिर फळीला टेकवावा. झुट्टू बांधलेला असल्यास आधी सोडावा. बाळाची नजर सरळ छताकडे हवी. हनुवटी छातीकडे झुकली की लांबी चुकते. मोजणाऱ्याने एका हाताने दोन्ही गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करावेत, मात्र नवजात बाळाच्या पायांवर जोर मुळीच करू नये. दुसऱ्या हाताने सरकती फळी तळव्यांना भिडवावी. बाळ बोटे आखडून घेते, तेव्हा तळव्याला किंचित खाजवावे. बोटे उघडली की फळी चटकन सरकवून आकडा मिलिमीटरपर्यंत वाचावा. शंका आली तर पुन्हा मोजावे, अंदाजाने आकडा दुरुस्त करू नये.

वाढीच्या आलेखावर बिंदू मांडताना वय पूर्ण झालेल्या महिन्यांत धरावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मानकांत मुलगे आणि मुली यांचे तक्ते वेगळे आहेत. एका बिंदूवरून निदान करणाऱ्या शेजारणींकडे दुर्लक्ष करावे, पण वजनाची रेघ सलग दोन-तीन महिने आडवी गेली, तर बिंदू हिरव्या, म्हणजे सामान्य वाढीच्या पट्ट्यात असला तरी बाळाला डॉक्टरांना दाखवावे.

2 वर्षे पूर्ण झाल्यावर उंची उभे करून घेतात, आणि ती झोपवून घेतलेल्या लांबीपेक्षा सुमारे 0.7 सेंटिमीटरने कमी भरते. तक्त्यात हा फरक धरलेलाच असतो, त्यामुळे त्या महिन्यातील घसरण दाखवून आईला घाबरवू नये.