वुचला घर शोधताय? आधी पिओत्रकोव्स्का पायी पालथी घाला

नोकरीसाठी किंवा शिकायला पोलंडमधल्या वुच (Łódź) शहरात येणाऱ्या मराठी मंडळींना माझं पहिलं सांगणं एकच. घराचा करार करण्याआधी पिओत्रकोव्स्का रस्ता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला. चार किलोमीटरपेक्षा थोडा जास्त आहे. घरांचे नंबर वोल्नोश्ची चौकापासून सुरू होतात, तिथूनच निघा.

मुळात हा पिओत्रकूव गावाकडे जाणारा साधा रस्ता. १८२० च्या दशकात सरकारने इथे कापडधंदा वसवायला घेतला आणि विणकरांना रस्त्यालगत जमिनीच्या पट्ट्या दिल्या, तोंडाला अरुंद आणि मागे लांबच लांब. त्यातले बरेच विणकर जर्मन होते. पुढे ज्यू, पोलिश, रशियन सगळेच आले, पैसा आला, आणि त्याच पट्ट्यांवर वाडे उभे राहिले. म्हणून इथे दर्शनी भाग महालासारखा दिसतो, पण कमानीतून आत गेलात की चौक, त्यामागे आणखी एक चौक, आणि कधी कधी थेट जुनी गिरणी. १३८/१४० नंबरच्या कमानीतून आत जाऊन बघा. रामिशच्या सूतगिरणीच्या लाल विटांच्या इमारतींत आता खानावळी आणि दुकानं आहेत.

घर बघताना हे फार उपयोगी पडतं. जाहिरातीत 'ओफित्सिना' लिहिलं असेल तर घर मागच्या इमारतीत आहे. तिथे शांतता मिळते, पण ऊन कमी. हीटिंग कशावर चालतं ते आधी विचारा. जुन्या इमारतींत काही ठिकाणी अजून कोळशाची शेगडी असते, आणि विजेवरचं हीटिंग असेल तर हिवाळ्यात बिल जड जातं.

युद्धात वॉर्सा जमीनदोस्त झालं, वुच मात्र बरंचसं उभं राहिलं. माणसं राहिली नाहीत. युद्धाआधी शहरातला साधारण दर तिसरा माणूस ज्यू होता. नाझींनी त्यांना बाऊती भागातल्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंसाठी बंदिस्त केलेल्या वस्तीत, कोंडलं आणि तिथून मृत्यूछावण्यांत पाठवलं. या रस्त्यालाही त्यांनी हिटलरचं नाव दिलं होतं. सुंदर इमारतींचे फोटो जरूर काढा, पण त्या बांधणाऱ्यांचं आणि त्यांत राहणाऱ्यांचं काय झालं तेही माहीत करून घ्या. जमलं तर राडेगास्ट स्टेशनवरचं स्मारक बघून या, तिथूनच त्यांना छावण्यांकडे नेणाऱ्या गाड्या सुटत.

जुलै १९८१ मध्ये अन्नटंचाईविरुद्ध हजारो बाया मुलांना घेऊन याच रस्त्यावर उतरल्या होत्या. त्यातल्या कित्येक गिरणीकामगार. १९८९ नंतर गिरण्या धडाधड बंद पडल्या. गिरणगाव ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं समजावायला नको. तुमच्या शेजारच्या आजी बहुधा अशाच कुठल्यातरी गिरणीत होत्या. जिन्यात भेटल्या की 'जेन दोब्री' म्हणा. इथे शेजारी ओळखीचा नसला तरी नमस्कार करतात, आणि न करणारा लक्षात राहतो.

३ नंबरच्या कमानीत मात्र सावकाश थांबा. योआना रायकोव्स्का या कलाकाराने चौकाच्या सगळ्या भिंती आरशाच्या तुकड्यांनी मढवल्या आहेत. तिच्या लहान मुलीला डोळ्याचा कॅन्सर झाला होता, त्यातून हे काम झालं. उन्हाच्या दिवशी जा.

दक्षिणेकडे २८२ नंबरला गायरची पांढरी गिरणी आहे. पोलंडमध्ये वाफेच्या इंजिनावर यंत्रं चालवणाऱ्या पहिल्या गिरण्यांपैकी ही एक. आता तिथे वस्त्रोद्योगाचं संग्रहालय आहे. येताना पाय दुखले तर ट्राम घ्या. फक्त तिकीट चढल्या चढल्या मशीनमध्ये पंच करा, नाहीतर खिशात तिकीट असूनही दंड होतो.