कॉलेजच्या बॉन्डवर मत देण्याआधी टेबलावर काय काय हवं

कॅलिफोर्नियात बॅलटवर कम्युनिटी कॉलेजच्या बॉन्डचं मेझर (इमारतींसाठी कर्ज काढून ते प्रॉपर्टी टॅक्समधून फेडायचा, मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव) आलं की आधी घराचं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल शोधून काढा, बाकीचे कागद नंतर. जमीन आणि बांधकाम मिळून बिलात जो आकडा असतो ती असेस्ड व्हॅल्यू, आणि बॉन्डचा कर तिच्यावरच बसतो. झिलोसारख्या घरखरेदीच्या वेबसाइटवरची किंमत इथे कामाची नाही. १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे (प्रपोझिशन म्हणजे मतदारांनी मंजूर केलेला राज्याचा कायदा) घर विकलं जाईपर्यंत किंवा नवं बांधकाम होईपर्यंत ही व्हॅल्यू वर्षाला फार तर २ टक्क्यांनी वाढते. म्हणून एकाच गल्लीत नव्वदच्या दशकात घर घेतलेल्यांचा आणि गेल्या वर्षी घेतलेल्यांचा भार चारपट-पाचपटही वेगळा असू शकतो. शेजाऱ्यांना विचारून आपला अंदाज बांधू नका.

हिशेब सोपा आहे. क्युपर्टिनोचं डी अँझा कॉलेज ज्या डिस्ट्रिक्टमध्ये (कॉलेजं चालवणारी, स्वतःचं बोर्ड असलेली स्थानिक संस्था) येतं, त्या फूटहिल-डी अँझाने मार्च २०२० मध्ये मेझर जी आणलं होतं. रक्कम ८९ कोटी ८० लाख डॉलर, सरासरी दर असेस्ड व्हॅल्यूच्या दर १ लाखाला १६ डॉलर. असेस्ड व्हॅल्यू १४ लाख धरा. स्वतः राहत्या घराला होमओनर्स एक्झम्प्शनचे ७,००० वजा होतात (अर्ज केला असेल तरच, आपोआप नाही). उरले १३,९३,०००. त्याला १६ च्या दराने वर्षाला २२२ डॉलर ८८ सेंट. आता बिलातल्या आधीच्या बॉन्डच्या ओळी बघा. जुन्या मेझरची फेड चालू असताना नवं त्याच्यावर चढतं. हायस्कूल आणि प्राथमिक शाळांचे डिस्ट्रिक्ट वेगळे, त्यांचे बॉन्डही वेगळे. प्रचाराच्या पत्रकात मात्र एकट्या नव्या मेझरचा आकडा असतो.

दुसरा कागद मतदार पुस्तिकेतलं टॅक्स रेट स्टेटमेंट. बॅलटवर फक्त ७५ शब्दांची जागा असते. त्यात रक्कम, दर आणि मुदत द्यावीच लागते, पण व्याजासकट एकूण किती फेडायचं ते या स्टेटमेंटमध्येच मिळतं. त्या आकड्याला मूळ रकमेने भागा. साधारण दुपटीच्या आत असेल तर नेहमीसारखं कर्ज. त्याच्या बरंच पुढे गेलं तर मुदत किती वर्षांची आणि पहिली काही वर्षं नुसतं व्याज साठवायचा बेत आहे का, हे विचारायलाच हवं. सॅन डिएगो काउंटीतल्या पोवे शाळा डिस्ट्रिक्टने २०११ मध्ये अशाच प्रकारच्या बॉन्डने साडेदहा कोटी डॉलर उचलले आणि परतफेड ९८ कोटी डॉलरच्या घरात गेली. मग २०१३ मध्ये कायदा आला: असे बॉन्ड २५ वर्षांपेक्षा लांब नकोत आणि एकूण फेड मुद्दलाच्या चौपटीपुढे नको. चौपटही काही थोडी नव्हे.

स्टेटमेंटमधला दर हा अंदाज असतो, हमी नव्हे. प्रपोझिशन ३९ खाली (वर्ष २०००) कॉलेज डिस्ट्रिक्टला १ लाखामागे २५ डॉलरची मर्यादा आहे, पण ती एका मेझरपुरती, आणि बॉन्ड विकताना केलेल्या वाढीच्या अंदाजावर तपासली जाते. नंतर घरांच्या किमती कोसळल्या तरी फेड चुकवता येत नाही; दर वर जातो.

तिसरा कागद म्हणजे मेझरचा पूर्ण मजकूर आणि कामांची यादी. प्रपोझिशन ३९ खाली दोन तृतीयांशाऐवजी ५५ टक्के मतांवर मेझर पास होण्याची सवलत डिस्ट्रिक्टला ज्या अटींवर मिळते, त्यातलीच ही यादी एक. तिच्यात नसलेल्या कामाला पैसा वापरता येत नाही. म्हणूनच वकील ती ऐसपैस लिहितात: ‘दुरुस्ती, सुधारणा, अद्ययावत करणे, सुसज्ज करणे’. पेन्सिल घेऊन इमारतीचं नाव असलेल्या ओळींवर खूण करा आणि नुसती क्रियापदं असलेल्या ओळी वेगळ्या काढा. यादीतलं प्रत्येक काम होईलच असं बंधन नसतं, ही ओळ बहुधा शेवटी बारीक अक्षरात सापडते. शिक्षकांचे पगार आणि रोजचा खर्च यातून चालत नाही. त्यासाठी पार्सल टॅक्स (असेस्ड व्हॅल्यू न बघता दर मालमत्तेमागे ठरावीक रक्कम) लागतो, आणि त्याला दोन तृतीयांश मतं. मार्च २०२० ला त्याच बॅलटवर ४८ डॉलरचा पार्सल टॅक्स, मेझर एच, पडला आणि मेझर जी पास झालं. मेझरची अक्षरं दर निवडणुकीला नव्याने वाटली जातात. जुनं पत्रक हातात धरून नव्या ‘जी’वर खूण करू नका.

पुस्तिकेत विरोधाचा युक्तिवाद नसेल तर कुणाचा विरोधच नाही असं समजू नका. मुदतीत कुणी दाखल केला नसेल, इतकंच. डिस्ट्रिक्टचा ठराव मतदानाच्या ८८ दिवस आधी काउंटीकडे पोचावा लागतो, म्हणजे नोव्हेंबरची निवडणूक असेल तर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातच मजकूर मिळतो. बोर्डाच्या नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लागते. तिथे बोलायला नागरिकत्व लागत नाही. ग्रीन कार्ड किंवा एच-१बी वर असलेल्यांना मत नाही, पण घर असेल तर कर आहे; त्यांनी प्रश्न इथेच मांडावेत.

बॅलट टपालाने घरी येतं. भरून झालं की पाकिटावर सही करा, आणि ती काउंटीकडे आधी असलेल्या सहीशी जुळणारी हवी. लायसन्सवर मराठीत सही केली असेल आणि पाकिटावर इंग्रजीत केलीत, तर दुरुस्तीचं पत्र येऊ शकतं. शेवटच्या दिवशी टपालपेटीपेक्षा ड्रॉप बॉक्स बरा, रात्री ८ च्या आत.

मेझर पास झालं आणि बोर्डाने निकाल नोंदवला की ६० दिवसांत देखरेख समिती नेमावी लागते. किमान सात जण, त्यात एक विद्यार्थी, एक करदाता संघटनेतला, एक ज्येष्ठ नागरिकांच्या संघटनेतला. डिस्ट्रिक्टचे कर्मचारी आणि ठेकेदार चालत नाहीत. समितीला खर्च अडवायचा अधिकार नसतो. ती ऑडिट तपासते आणि लोकांना कळवते. करदात्यांची जागा भरणं बऱ्याचदा अवघड जातं, तेव्हा अर्ज करायचा असेल तर निकालानंतर लगेच डिस्ट्रिक्टच्या साइटवर नजर ठेवा.