रग्बीसाठी पोरं निवडताय? या चुका टाळा

दर मोसमात निवड चाचणीला तेच घडतं. पोरं रांगेत उभी असतात आणि कुणीतरी उंचीवरून नजर फिरवत म्हणतं, "ह्यो घ्या सर, पैलवान हाय." यादी तिथंच तयार होते. बॉल पिशवीतून बाहेरही आलेला नसतो.

ही चूक मीही केली आहे. तेरा वर्षांचा पोरगा, मिसरूड फुटलेलं, आवाज घोगरा, रोज तालमीत जाणारा. हातात बॉल दिला की तीन पोरांना अंगावर घेऊन थेट ट्राय करून यायचा, म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे बॉल जमिनीला टेकवून गुण मिळवायचा. दोन मोसम मी त्याला तेवढंच करू दिलं. आम्ही जिंकत होतो, त्यामुळे त्याला पास येत नाही, हुलकावणी येत नाही, हे दिसत असूनही मी गप्प बसलो. सोळाव्या वर्षी बाकीची पोरं अंगानं त्याच्या बरोबरीला आली आणि एका सामन्यात त्याच्यापेक्षा किरकोळ पोरानं त्याला जागच्या जागी पाडलं. उठून तो माझ्याकडे बघत राहिला. दुसरं काय करायचं ते त्याला माहीतच नव्हतं. वडील भेटायला आले, "सर, पोरगं आळशी झालंय काय?" पोरगं आळशी नव्हतं, मीच त्याला काही शिकवलं नव्हतं. दिवाळीनंतर तो यायचा बंद झाला.

मुलांची उंची सर्वांत झपाट्यानं वाढते ती साधारण १४ व्या वर्षाच्या आसपास, मुलींची १२ च्या. पण हे सरासरीचं झालं. एकाच वर्गातली दोन पोरं वाढीत दोन-दोन वर्षं मागं-पुढं असतात. त्यात वयोगटाची तारीख १ जानेवारी असेल, तर जानेवारीत जन्मलेला पोरगा डिसेंबरवाल्यापेक्षा अकरा महिन्यांनी मोठा असतो. तेराव्या वर्षी अकरा महिने म्हणजे फार मोठा फरक. म्हणून माझ्या वहीत नावापुढे आधी जन्मतारीख येते, मग उंची. दर तीन महिन्यांनी, अनवाणी, त्याच भिंतीला टेकवून. उंची एकदम वाढली की पोराचे हातपाय काही महिने त्याचं ऐकत नाहीत. कालपर्यंत सहज झेलायचा तो बॉल आज सुटतो. अशा वेळी त्याला संघातून काढणं हा शुद्ध उतावीळपणा आहे.

दुसरी चूक म्हणजे फक्त बॉलकडे बघणं. सेव्हन्समध्ये, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या रग्बीत, सात-सात मिनिटांचे दोन हाफ असतात. त्यात एका खेळाडूच्या हातात बॉल किती वेळ असणार? उरलेल्या वेळात तो काय करतो, हे बघायचं. मी चाचणी सामन्यात एक पोर निवडतो आणि चार मिनिटं नजर त्याच्यावरून हलवत नाही. खाली पडल्यावर किती लवकर उभा राहतो? शेजारच्याला हाक देतो का? बॉल येण्याआधी समोरच्या मोकळ्या जागेकडे बघतो का? गेल्या पावसाळ्यात चिखलात एका मुलीच्या हातून बॉल पुढे सुटला. शिट्टी वाजायच्या आत ती मागं पळत बचावाच्या ओळीत उभी होती, आणि डाव्या हातानं शेजारणीला आत ओढत होती. त्या दिवशी तिनं एकही ट्राय केला नाही. यादीत पहिलं नाव मी तिचं लिहिलं.

कोल्हापुरात आणखी एक घोळ होतो. कुस्तीतला पोरगा आला की त्याला टॅकल, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं, येतंच असं धरून चालतात. त्याची कंबर खाली असते, पकड घट्ट असते, हे खरं. पण रग्बीत समोरच्याला खाली पाडलं की लगेच सोडावं लागतं. तालमीतलं पोर सोडत नाही, आणि पेनल्टी जाते. उचलून डोक्यावर आपटलं तर थेट लाल कार्डापर्यंत प्रकरण जातं. त्याची धोबीपछाड मातीतच राहू द्या. माझ्याकडे अशा पोराला पहिला महिना एकच काम असतं: धर, पाड, सोड, ऊठ. पेठेतल्या फुटबॉलवाल्यांना मोकळी जागा चटकन दिसते, पण अंगावर पडायला ती बिचकतात. त्यांना आधी गुडघ्यावर बसवून पडायला शिकवा. कबड्डीची पोरं बहुधा दोन्हीत बरी.

चाळीस मीटरची वेळ घेऊन निवड करू नका. सरळ रेषेत पळायला समोर कुणी नसतं तेव्हा सगळेच वेगवान.

चौदाव्या वर्षी "तू प्रॉप, तू विंगर", म्हणजे तू पुढं रेटणारा धिप्पाड, तू कडेनं पळणारा वेगवान, असा शिक्का मारू नका.

डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली, तरी पोर त्या दिवशी परत मैदानात जाणार नाही. ते थेट डॉक्टरकडे जाईल. "काय नाय सर, खेळतो" म्हणणाऱ्याला जिगरबाज म्हणून गुण देणारे प्रशिक्षक मी पाहिलेत. मला त्यांचा मनापासून राग येतो.

नवे प्रशिक्षक विचारतात, तासाभरात कसं ओळखायचं? नाही ओळखता येत. किमान तीन दिवस बघा. त्यातला एक दिवस पोरं दमलेली असताना, सरावाच्या शेवटच्या वीस मिनिटांत. दमल्यावर कोण बोलायचं थांबतं आणि कोण दुसऱ्याला ओरडून उभं करतं, ते तेव्हाच कळतं.

आणि न निवडलेल्यांची यादी फाडू नका. माझ्या वहीत ती मागच्या पानावर असते. सहा महिन्यांनी त्या सगळ्यांना परत बोलावतो आणि आधी भिंतीला उभं करून उंची मोजतो.