बाईकला विंडशील्ड घेताना उंची आधी बघा

विंडशील्ड जितकं उंच तितका आराम असं बऱ्याच जणांना वाटतं पण तसं नाहीये, वरच्या कडेवरून सुटलेली हवा नेमकी हेल्मेटवर आदळली की डोकं गदागदा हलतं, आवाज वाढतो आणि मान पार आखडून जाते. नेहमीसारखं बसून बघा, काचेची कड साधारण नाकाच्या रेषेत यावी आणि रस्ता काचेतून नाही तर काचेवरून दिसला पाहिजे, नाहीतर पावसात, रात्री फार त्रास होतो. चालवताना जरा खाली वाकल्यावर शांत वाटलं तर काच थोडी उंच हवी, उठल्यावर शांत वाटलं तर उलट कमी उंचीची घ्या. शक्यतो ॲडजस्टेबलच घ्या. आणि पॉलीकार्बोनेटची (म्हणजे कडक प्लॅस्टिकची) काच पेट्रोलने अजिबात पुसू नका, तडे जातात.